पहिलाच डोंगर आणि तोही हिमालयात: समुद्रकाठच्या माणसाने तयारी कशी करायची?

सुरंगी

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा सविस्तर हवाय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारकांठाचा ट्रेक ठरलाय, उत्तराखंडातला. नणंद पुण्याची, तिच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये जागा होत्या, तिने माझं आणि माझ्या लेकीचं नाव घालून टाकलं आणि मग फोन केला. लेक अकरावीत आहे, ती तर उड्या मारतेय. मी पंचेचाळीशीची, शाळेत शिकवते, बीपी-शुगर काही नाही, दिवसभर उभी असते, पण डोंगर चढायचा अनुभव म्हणाल तर मार्लेश्वरच्या पायऱ्या आणि रायगड, तोही रोपवेने. आम्ही गुहागरकडचे, घरात बसून गाज ऐकू येते, आणि थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे अंगावर शाल घेतली की झालं.

माहितीपत्रकात लिहिलंय 'सोपा ते मध्यम, नवख्यांसाठी योग्य'. उंची १२,५०० फूट. आता सप्टेंबर संपतोय, म्हणजे जेमतेम तीन महिने हातात. इथे जवळपास जिम नाही, आणि असती तरी शाळा सुटल्यावर तिकडे जाणं जमलं नसतं. तर इथेच राहून तयारी कशी करू, बूट कोणते घेऊ, आणि ते उंचीवर डोकं दुखतं, उलट्या होतात म्हणतात ते कोणाला होतं, माझ्या वयाच्या बाईला जास्त होतं का? सासूबाई म्हणतात झेपणार नाही. हे म्हणतात जा, पण जपून. मला जायचंय, अगदी मनापासून जायचंय, फक्त लेकीला किंवा ग्रुपला माझ्यामुळे थांबायला लागू नये एवढंच वाटतं.

घाटवाट

ताई, पहिली गोष्ट, तीन महिने भरपूर आहेत. दुसरी गोष्ट, जिम नाही याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याकडे पाखाडी आहे ना! गुहागर-दापोली पट्ट्यात एक वाडी समुद्राला लागून आणि दुसरी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मधे जांभ्याच्या दगडांची उभी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, याच्यासारखी ट्रेकची तालीम पुण्या-मुंबईच्या माणसाला पैसे देऊन मिळत नाही. तिथल्या पायऱ्या एकसारख्या नसतात, एक वीतभर तर पुढची गुडघाभर, कुठे दगड निखळलेला, त्यामुळे पाऊल बघून टाकायची सवय आपोआप लागते आणि डोंगरात तीच लागते.

पहिले दोन-तीन आठवडे नुसतं चाला. सकाळी शाळेच्या आधी पाऊण तास, बोलता येईल इतक्या वेगाने, धाप लागून बोलणं तुटलं की वेग कमी करा. मग पाखाडी सुरू करा, आठवड्यातून तीनदा, वर जा, खाली या, परत वर, अर्धा तास. नोव्हेंबरात पाठीवर सॅक घेऊन तेच करायचं, आधी दोन किलो तांदूळ, मग चार, मग सहा. एकदम वजन वाढवू नका. मधले दिवस विश्रांती किंवा साधं चालणं, कारण पायात ताकद येते ती विश्रांतीच्या दिवशी.

आता मुख्य मुद्दा, तो नवीन माणूस हमखास विसरतो. सगळे चढायची तयारी करतात, उतरायची कोणी करत नाही. चढताना दम लागतो आणि दम दोन मिनिटांत परत येतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक पावलाला ब्रेक लावायला लागतो आणि त्या स्नायूला सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. म्हणून पाखाडी उतरताना मुद्दाम हळू उतरा. गुडघा ताठ ठेवून धप्पकन टाच टाकायची नाही, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल छोटं, आधी पाय नीट टेकवायचा आणि मग त्याच्यावर अंगाचा भार सोडायचा. सुरुवातीला एका हाताने गडग्याचा, म्हणजे कडेच्या दगडी बांधाचा, आधार घ्या, काही बिघडत नाही. आणि आत्ता पावसाची सर अधूनमधून येतेय, जांभ्यावर शेवाळ आहे, तर ते कोरडं होईपर्यंत पाखाडीवर घाई नको.

बऱ्याच ट्रेक कंपन्या पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत पळत किंवा भरभर चालत करून दाखवा म्हणतात. तुमच्या कंपनीने ती अट घातलीय का बघा. घातली असेल तर सपाट रस्त्यावरचा सरावही लागेल, आणि तो ओल्या वाळूवर करा, सुक्या वाळूत पोटऱ्या आणि घोटे फार भरून येतात.

आंबेवाला

मला हा बेत पटत नाही, स्पष्ट लिहितो. सह्याद्रीतला एक डोंगर पायी न चढलेल्या माणसाने थेट बर्फात जायचं हे मला बरोबर वाटत नाही. आधी एक हंगाम इथे फिरा, आपल्या पायांची आपल्याला ओळख होऊ द्या. प्रचितगड आहे, महिमतगड आहे, कुडाळकडून नारूरच्या बाजूने रांगणा आहे. कंपन्या 'नवख्यांसाठी योग्य' लिहितात, त्यांना जागा भरायच्या असतात. ताईंना घाबरवायचं नाही, पण पैसे भरले म्हणून जायलाच हवं असं नसतं.

कातळफूल

आंबेवाला, तुमची काळजी समजते, आणि निम्मी मलाही मान्य आहे. पण निम्मीच. मी दापोलीची, केदारकांठा पन्नाशीनंतर केलाय आणि माझ्या बॅचमध्ये पहिलाच ट्रेक असलेली बरीच माणसं होती. वाट चांगली रुळलेली आहे, दोर लावून चढायचं वगैरे काही नाही, दिवसाचं चालणं चार ते सहा तासांचं. शेवटचा दिवस मात्र खरा दमवणारा. पहाटे तीनच्या सुमाराला अंधारात निघायचं, थंडी शून्याच्या खाली, बर्फावर चढ, आणि माथा गाठून त्याच दिवशी बरंच खाली उतरायचं. म्हणजे दहा-अकरा तास पायावर. त्या एका दिवसासाठी सगळी तयारी असते असं समजा.

सुरंगी, थंडीबद्दल सांगते कारण आपल्याकडच्या माणसाला त्याचा अंदाजच नसतो. आपल्या घरात गरम कपडे नसतात, म्हणून माणूस घाबरून एक जाडजूड स्वेटर विकत घेतो. तसं करू नका. एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन-चार पातळ थर घ्या. अंगाला लागून थर्मल, त्यावर सिंथेटिक फुल बाह्यांचा टीशर्ट, त्यावर फ्लीस, आणि वर डाऊन (म्हणजे पिसं भरलेलं) किंवा पॅडेड जॅकेट. शिवाय वारा-बर्फ अडवणारं पातळ जॅकेट. चढायला लागलं की दहा मिनिटांत गरम होतं, तेव्हा वरचं काढून सॅकमध्ये टाकायचं, थांबलं की लगेच घालायचं, घाम थंड व्हायच्या आत. हे घालणं-काढणं दिवसभर चालतं आणि त्याचा कंटाळा करायचा नाही. आपण कोकणात घाम आला तर पुसतो आणि सोडून देतो, तिथे घामाने ओला झालेला कपडा अंगावर वाळत नाही, अंग गार करत राहतो. म्हणून सुती काहीच नको. बनियन, टीशर्ट, मोजे, काहीही सुती नको. जीन्स तर घरीच ठेवा.

डाऊन जॅकेट, बर्फात बुटांना लावायचे स्पाइक आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर्स भाड्याने मिळतात, स्पाइक-गेटर्स बहुतेक कंपन्याच देतात, आधी विचारून घ्या. परत कधी लागणार नसेल तर डाऊन जॅकेट विकत घेऊ नका, इथल्या दमट हवेत कपाटात त्याला बुरशी लागते. थर्मल, मोजे, बूट मात्र स्वतःचेच हवेत.

सुरंगी

आंबेवालादादा, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. जाणार तर आहेच, पण त्याआधी इथला एक तरी डोंगर पायी चढून-उतरून बघायचा हे मला पटलं. कुठला करू ते सांगा, गुहागरहून जाऊन-येऊन होईल असा, आणि लेकीला घेऊन सुरक्षित असेल असा.

आणि बुटांचं कोणीतरी सांगा ना. चिपळूणच्या दुकानात गेले तर त्याने जॉगिंगचे दाखवले आणि म्हणाला हेच चालतात.

घाटवाट

जॉगिंगचे चालणार नाहीत, तळवा मऊ असतो आणि बर्फावर पकड नसते. घोट्याच्या वर येणारे, कडक तळव्याचे, खोल नक्षीचे, पाणी आत न घेणारे बूट घ्या. डेकॅथलॉनचे केचुआ बरेच जण घेतात, ठीक असतात. सह्याद्रीत ॲक्शनचे स्वस्तातले ट्रेकिंग शूज पिढ्यानपिढ्या चाललेत आणि कातळावर त्यांची पकड फार छान, पण ते बर्फासाठी नाहीत, पाणी आत जातं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून ट्राय करा. बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, दुकानात उतार असेल तर त्यावर उतरून बघा, बोटं पुढे आपटली तर तो नंबर नको, अर्धा नंबर मोठा घ्या. ऑनलाइन नंबर बघून मागवण्यापेक्षा एकदा पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन पायात घालून घ्या. आणि ऑक्टोबरातच घ्या, म्हणजे दोन महिने पाखाडीवर वापरले जातील. नवा बूट डोंगरात पहिल्यांदा घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण. निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं सरळ कापा, उतरताना वाढलेलं नख बुटाला टेकून काळंनिळं होतं.

डोंगराचं म्हणाल तर खेड तालुक्यातला रसाळगड करा. खेडजवळच्या भरणे नाक्यावरून रसाळवाडीपर्यंत गाडी जाते, पुढचा चढ थोडाच आहे, वर झोलाईचं देऊळ, पाण्याची टाकी, तोफा, लेकीला आवडेल. हा पहिला. तो सहज झाला तर पुढच्या वेळी गडाखाली गाडी न नेता खालच्या गावातून चालत जा. त्याच रांगेत सुमारगड आणि महिपतगड आहेत पण सुमारगडाच्या वाटेवर दाट रान आणि कातळाचा टप्पा आहे, नवख्याने तिकडे जायचं नाही, गेलात तर वाडीतला माहितगार माणूस बरोबर हवाच.

नोव्हेंबरअखेर खरी परीक्षा घ्यायची तर चोरवण्यातून नागेश्वर. महाशिवरात्रीला आपली कोकणातली माणसं, साठी उलटलेलीसुद्धा, तो चढ चढून गुहेतल्या पिंडीला पाणी घालून येतात. चढ उभा आहे, जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. नागेश्वर कोयना अभयारण्यात येतं, तेव्हा वनखात्याची परवानगी घेऊनच. आंबेवाला यांनी सांगितलेला प्रचितगडसुद्धा छान, पण शृंगारपूरकडून शिडीचा भाग आहे आणि तिथेही परवानगी लागते, पहिल्या महिन्यात नको.

आणि दिवाळीपर्यंत गडावर जाऊच नका. रान माजलेलं असतं, पुरुषभर गवतात वाट दिसत नाही.

गावातला डॉक्टर

सुरंगीताई, तुमचा मूळ प्रश्न उंचीचा होता, त्यावर लिहितो.

घाटवाट यांनी सांगितलेली सगळी तयारी करा, पण ती पायांची आणि दमाची तयारी आहे. उंचीची तयारी कोकणात बसून होत नाही. महाराष्ट्रात कुठेच होत नाही. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तुमचा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गावच त्याच्याहून वर आहे, साधारण साडेसहा हजार फुटांवर. आणि माथ्यावर, ३,८०० मीटरला, हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, फक्त त्याला वर मुक्कामाच्या काही रात्री मिळायला लागतात.

कोणाला त्रास होईल हे वयावरून, बाई-पुरुषावरून किंवा फिटनेसवरून सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा तरुण आडवा होतो आणि शेजारची आजी ठणठणीत असते, असं होतं. उलट तरुण आणि फिट माणूस भराभर वर जातो म्हणून जास्त अडकतो. तेव्हा तुमच्याइतकंच लक्ष लेकीकडे ठेवा.

साधारण अडीच हजार मीटरच्या वर हा त्रास सुरू होऊ शकतो. डोकं दुखणं, आणि त्याबरोबर मळमळ, जेवण नको होणं, चक्कर, फार थकवा. वर गेल्यावर डोकं दुखायला लागलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीचंच समजायचं. अशा वेळी त्या दिवशी पुढे चढायचं नाही. विश्रांती घेऊनही वाढत चाललं तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागते, खोकला ओला येतो, चालताना झोकांड्या जातात, बोलण्यात गोंधळ होतो, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली न्यायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येतेय त्याची ही खूण असते, आणि यात माणूस दगावतो. तीनशे ते हजार मीटर खाली आलं की बहुतेक वेळा फरक पडतो.

नियम असा की तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको. तुमच्या कंपनीचा कार्यक्रम बघा. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याकाठचा मुक्काम नऊ हजार फुटांच्या वर आणि पुढचा बेस कॅम्प सव्वाअकरा हजारांच्या आसपास असेल तर ही उडी थोडी मोठीच आहे. म्हणून माझं आग्रहाने सांगणं, सांकरीत एक रात्र जास्त राहा. आज समुद्रकाठावर आणि तीन-चार दिवसांत १२,५०० फुटांवर, यात एक रात्र वाढली तर खूप फरक पडतो.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल विचाराल म्हणून आधीच लिहितो. त्यातलं असेटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घ्यायला मदत करतं, पण स्वतःच्या डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. घ्यायचं ठरलं तर इथे घरी असताना एखादा डोस घेऊन बघा, तिथे पहिल्यांदा नको. लेकीसाठी डोस वेगळा विचारा. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. पाणी भरपूर प्या, पण भरपूर पाण्याने उंचीचा त्रास टळतो हा समज चुकीचा आहे.

जाण्याआधी हिमोग्लोबिन बघून घ्या, दोघींचंही. आपल्याकडे बायका आणि मुलींमध्ये ॲनिमिया फार, आणि कमी हिमोग्लोबिन घेऊन विरळ हवेत जाणं म्हणजे आधीच अर्ध्या ताकदीने निघणं. आत्ता केलंत तर तीन महिन्यांत औषधाने वाढवता येतं, डिसेंबरात कळून उपयोग नाही. फिटनेसचा दाखला सही-शिक्क्यापुरता घेऊ नका, ईसीजी आणि बीपी खरंच बघून घ्या.

इथल्या सरावाबद्दलही एक. सड्यावर आणि कातळात फुरसं हा विषारी साप असतो, दगडाच्या रंगात मिसळून जातो. पहाटे अंधारात पाखाडीवर जाताना टॉर्च आणि बूट हवेतच, गडग्याच्या फटीत हात घालू नका. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. जी लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नसते.

खारो वारो

सुरंगीबाय, ह्या सगळ्यांनी सांगितल्यानी ता बरोबर आसा, डॉक्टरांचा तर कागदावर लिहून खिशात ठेवा. माझा सांगणा सामानाचा. होडयेत जड माल मधीच ठेवतत, कडेक ठेवलो तर होडी कलता, सॅकचा पण तसाच. जड वस्तू पाठीक लागान मधे, झोपायचे कपडे तळाक, आणि पाऊस-बर्फाचा जॅकेट सगळ्यात वर, हाताक लगेच गावात असा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. सॅकचा कमरेचा पट्टा आधी आवळायचा आणि मग खांद्याचे. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांदे मोकळे. आतले कपडे प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून मग सॅकमध्ये, बाहेरच्या कव्हरवर विश्वास ठेवू नका. मोबाईल आणि पॉवरबँक रात्री झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. हेडटॉर्च प्रत्येकीची वेगळी, दोघीत एक नाही. गॉगल चांगला घ्या, ताज्या बर्फावरून ऊन ऐंशी टक्क्यांपर्यंत परत उसळतं, आम्हाला समुद्रावरचं ऊन माहीत आहे, पण तिथे डोळे खरोखर भाजतात. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीसुद्धा लावा.

आणि खाणं. तिथे डाळभात, राजमा, पोळी, सूप मिळतं, पोटभर मिळतं. पण उंचीवर भूक मरते आणि आमच्या माणसांना मासे-भात नसला की तसंही जेवण कमी जातं. तर तोंडाला चव आणणारं काहीतरी घेऊन जा. आंबापोळी आणि फणसपोळी यांच्याइतका चांगला ट्रेकचा खाऊ कुठे मिळायचा नाही, हलकी, टिकाऊ, चटकन ताकद देणारी, आणि थंडीत चॉकलेट दगड होतं तेव्हाही ती चावता येते. भाजलेले काजू, नाचणीचे लाडू. कुळथाचं पीठ आणि लसूण-मिरची-मिठाची पुडी नेलीत तर कॅम्पवरच्या आचाऱ्याकडून गरम पिठी करून घेता येईल, संध्याकाळी तंबूत ती प्यायली की अंगात ऊब येते. सुकी मासळी मात्र नेऊ नका, वासाने जनावरं तंबूपाशी येतात.

भरतीओहोटी

लेक अकरावीत आहे म्हणून लिहिते, हे कोणी लिहिलेलं नाही. पाळीची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर काही अडत नाही, मुली आणि बायका पाळीत ट्रेक करतात. गोळी घेऊन पुढे ढकलायचीच असेल तर स्वतःच्या मनाने नको, डॉक्टरांना विचारून. तारीख नसली तरी पॅड न्याच, उंचीवर आणि दगदगीत पुढेमागे होतं. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झिपच्या जाड पिशवीत आणि ती काळ्या पिशवीत, सगळं परत खाली आणायचं. बर्फात पुरायचं नाही, बर्फ वितळतो आणि तेच पाणी खाली गावं पितात. ओले वाइप्ससुद्धा कुजत नाहीत, तेही परत. शौचाला तंबू असतात, खड्डा असतो, वर माती टाकायची. रात्री उठायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची आपल्या बायकांची सवय असते, तिथे तसं करू नका. मैत्रीण किंवा लेक बरोबर घ्या आणि टॉर्च घेऊन जा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. हे लेकीशी आधीच नीट बोला, तिथे गेल्यावर मुली लाजून सांगत नाहीत.

सुरंगी

भरतीओहोटी, मनापासून आभार, हे मी कोणाला विचारूच शकले नसते. रात्री लेकीशी बोलले, तिच्या मनात नेमका हाच प्रश्न होता.

डॉक्टरसाहेब, हिमोग्लोबिन केलं. माझं ठीक आहे, लेकीचं दहाच्या खाली आलं! आमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात आणि महिन्याने परत बघू म्हणाले. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी माझीच काळजी करत बसले असते, ती तर उड्या मारणारी पोर.

आता प्रवासाचं. नणंद पुण्याहून विमानाने डेहराडूनला येणार. आम्हाला ट्रेनने जायचंय, खर्चही कमी. कसं करावं?

कातळफूल

दहाच्या खाली म्हणजे खरंच बरं झालं आत्ता कळलं. गोळीबरोबर लिंबू-आवळा द्या, लगेच चहा देऊ नका.

प्रवास: रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट हजरत निजामुद्दीनला जाते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्या तारखांचं ऑक्टोबरअखेरीस, नाताळची गर्दी असते, त्या दिवशी सकाळी मोबाईल हातात घेऊनच बसा. पण महत्त्वाचं असं की डिसेंबरअखेर दिल्लीकडे धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास लेट होतात. दिल्लीला पोचायच्या दिवशीच रात्री डेहराडूनला निघायचं तिकीट काढू नका. मधे पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा, आणि येतानाही तसंच.

डेहराडून ते सांकरी दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण सगळा घाट, पूर्ण दिवस जातो. आपल्या कुंभार्ली घाटात ज्याला मळमळतं त्याने गोळी घेऊन बसायचं. पैसे डेहराडूनलाच काढून घ्या. सांकरीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा धरू नका, घरच्यांना आधीच सांगा की इतके दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इथे सगळे काळजीत. सासूबाईंना कंपनीच्या ऑफिसचा नंबर कागदावर लिहून द्या.

आणि डॉक्टरांनी सांगितलेली सांकरीतली जास्तीची रात्र, ती नक्की. मी राहिले होते, गावातून हळूहळू चालत फिरायचं, देवदाराची लाकडी घरं बघायची, रात्री नीट झोपायचं. ग्रुपच्या एक दिवस आधी पोचलात की झालं, कंपनीला विचारायचीही गरज नाही.

आंबेवाला

ताई, लेकीचं रक्त तपासलंत, आधी गड करायचं ठरवलंत, हे वाचून बरं वाटलं. माझा विरोध हिमालयाला नव्हता, तयारीशिवाय जाण्याला होता. अजून एक गोष्ट ठरवून जा. माथ्याला जायच्या पहाटे दोघींपैकी एकीला बरं नसेल तर कोण थांबणार, लेक वर जाणार असेल तर तुम्ही कॅम्पवर राहणार का, हे घरी बसून बोला. तिथे पहाटे तीनला, थंडीत, सगळे निघालेले असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. ग्रुपमध्ये तर अजिबात नाही. लीडरने 'चला हो, थोडंच राहिलंय' म्हटलं तरी डोकं दुखत असेल तर दुखतंय म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. मुलं लपवतात, त्यांना वाटतं आपल्यामुळे आईचं राहील.

सुरंगी

बोललो दोघी. असं ठरलंय की तिला बरं नसेल तर मी थांबणार, मला बरं नसेल तर ती आत्याबरोबर जाणार आणि मी रडवेलं तोंड करायचं नाही. आणि डोकं दुखलं तर दोघींनी एकमेकींना सांगायचंच, याची तिने माझ्याकडून शपथ घेतली.

सांकरीची रात्र वाढवली. बूट पुढच्या रविवारी कोल्हापुरात, बहिणीकडे जाणारच आहे. पाखाडी सुरू झाली, सध्या तीन फेऱ्यांत मांड्या थरथरतात पण तुम्ही सांगितलं तसं हळू उतरते. वाडीतल्या दोघी-तिघी विचारायला लागल्यात की बाई रोज सॅक घेऊन कुठे जातात, त्यातली एक कालपासून बरोबर यायला लागली.

रसाळगड दिवाळी झाल्यावरच्या दुसऱ्या रविवारी. घाटवाट, तुम्ही चिपळूणचे ना, येताय का बरोबर?

घाटवाट

येतो, आणि आमची हीसुद्धा येईल. सकाळी सात वाजता भरणे नाक्यावर भेटू, म्हणजे ऊन चढायच्या आत वर पोचता येईल, नोव्हेंबरातसुद्धा कोकणातलं ऊन दहा वाजल्यानंतर डोंगरात सोसत नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या, टोपी, फुल बाह्या, शिट्टी, आणि जेवण घरून, भाकरी-चटणी चालेल. सॅक तीच आणा जी तिकडे नेणार आहात, बूटही तेच. अत्तर-बॉडीस्प्रे लावून येऊ नका, गडाच्या कड्याला मधमाश्यांची पोळी असू शकतात. गाडी आपण रसाळवाडीच्या बरीच अलीकडे लावू आणि तिथून चालत निघू. लेकीची रक्ततपासणी त्याआधी परत होणार असेल तर आकडा इथे टाका, डॉक्टर बघतील.

गावातला डॉक्टर

टाका जरूर. तोवर तिला पाखाडीवर वजन घेऊ देऊ नका, नुसतं चालू दे. रसाळगडाच्या दिवशी मीही मोकळा आहे, रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आणतो, तो वापरायचा कसा आणि त्याच्या आकड्यावर किती विसंबायचं ते दोघींना दाखवतो.